दख्खनी लोकरीच्या मोलाविषयी: पशुसंवर्धन मंत्रिमहोदयांस अनावृत पत्र

सन्माननीय पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांचे सेवेशी,

पत्र लिहिण्यास कारण की, माणदेशात, फलटण-खंडाळ्याच्या माळांवर, सांगोले-आटपाडीकडे आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर-संगमनेर भागांत जो धनगर समाज पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखीत आला, त्याच्या संसाराला ज्या जिनसेने एके काळी रोख पैशाचा आधार दिला, ती लोकर आज त्याला पदरचे पैसे मोजून मेंढीच्या अंगावरून उतरवावी लागते, आणि उतरविल्यावर घेणारा कोणी न भेटल्यामुळे पुष्कळदा बांधाच्या कडेला टाकून द्यावी लागते. ही वस्तुस्थिती आपल्या खात्याला अपरिचित असेल असे मला वाटत नाही. खात्याच्या दप्तरात ती नोंदलेली असूनही तिच्यावर आजवर काही तजवीज झालेली नाही, याचे कारण अनास्था हे नसून, लोकरीला आधारभाव द्यावयाचा तर तो कोणत्या रीतीने द्यावा याचा नीट विचार झालेला नाही हे असावे, अशी माझी समजूत आहे. आणि तो विचार चारचौघांसमोर व्हावा म्हणूनच हे पत्र खासगी लखोट्यात न पाठविता उघडपणे लिहीत आहे.

प्रथम ज्या मालाविषयी बोलावयाचे तो माल कसा आहे हे निःसंकोचपणे सांगितले पाहिजे. दख्खनी मेंढी ही मेरिनो नव्हे. तिची लोकर राठ, आखूड, बहुतांशी काळी किंवा करडी, आणि केसांच्या मिश्रणाची असते. एका मेंढीच्या अंगावरून वर्षाच्या दोन कातरण्यांत मिळून अर्ध्या किलोहून थोडीशीच अधिक निघते. आणि सुटाबुटाच्या कापडाच्या गिरणीला तिचा उपयोग नाही. तिला उपयोगाची ठिकाणे तीनच: घोंगडी, जेन आणि गालिचा. परंतु याच मेंढीच्या अंगी जे दुसरे गुण आहेत, ते मेरिनोच्या अंगी नाहीत. ती दिवसाकाठी मैलोगणती चालते, करपलेल्या माळावरचे सुकलेले गवत आणि बाभळीच्या शेंगा यांवर दुष्काळ काढते, आणि घाट उतरून कोकणात जाऊन पावसाच्या तोंडाला पुन्हा देशावर परतते. ज्या वर्षी गुरे छावणीत जातात त्या वर्षी मेंढरे स्वतःच्या पायांनी जगतात, हे माणदेशातील प्रत्येक शेतकरी जाणतो. आणि त्याच शेतकऱ्याच्या रानात रात्रभर मेंढरे बसवून जे खत पडते त्याचे मोल त्याने कधी धान्याने, कधी रोखीने मेंढपाळाला दिलेले आहे, कारण त्या खतावाचून त्याचे हलके रान पिकत नाही हे त्याला ठाऊक असते.

आता कातरणीचा विचार करावा. कापूस पिकविणाऱ्याला भाव पटला नाही तर पुढच्या वर्षी तो तूर पेरू शकतो, आणि कांदेवाल्याला चाळीत कांदा ठेवून चार आठवडे वाट पाहता येते. मेंढपाळाला मात्र यांपैकी काहीही करता येत नाही. लोकर वाढली की ती उतरवावीच लागते. न उतरविल्यास तिच्यात कुसळे आणि सराटे गुंततात, गोचिडे वाढतात, उन्हाच्या तापाने जनावर खंगते आणि पावसात भिजलेली जड लोकर अंगावर वाळता वाळत नाही. म्हणजे लोकर हे मेंढपाळाने बाजाराकडे पाहून घेतलेले पीक नसून मेंढीचे आरोग्य राखण्याच्या कर्तव्यातून आपोआप हाती येणारे उत्पन्न आहे. कातरणाऱ्याला दर मेंढीमागे मजुरी द्यावी लागते, आणि त्या मजुरीइतकेही पैसे जेव्हा लोकरीतून सुटत नाहीत तेव्हा जे उत्पन्न होते ते खर्चाच्या सदरात जाऊन बसते. आधारभावाच्या प्रश्नातील ही कळीची बाब आहे, आणि पुढे जो युक्तिवाद मी मांडणार आहे त्याचा सर्व भार हिच्यावर आहे.

लोकरीची अवस्था नेहमीच अशी नव्हती. कातरणीच्या आधी मेंढरे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात घालून धुवावयाची, मग सावलीला एकेक मेंढी पाय बांधून आडवी करावयाची आणि अंगालगत कातर चालवीत सबंध लोकर उतरवावयाची. कोकराची पहिली लोकर, जिला जावळ म्हणतात, ती निराळी राखावयाची, कारण जावळाच्या घोंगडीचा मऊपणा दुसऱ्या कोणत्याही लोकरीस येत नाही. काळी, पांढरी, करडी यांचे ढीग वेगवेगळे लावावयाचे. आणि मग पिंजणे व कातणे सुरू व्हावयाचे, हा क्रम मेंढपाळांच्या वाड्यावाड्यांवर वर्षानुवर्षे चालत असे. रानात मेंढरांमागे उभा असलेला गडी हातातील टकळी फिरवीत सूत काढी, आणि घरी स्त्रिया चरख्यावर बसत. ते सूत सनगराकडे किंवा खुटेकर धनगराकडे जाई. तो ताण्याला चिंचोक्याची खळ चढवून, खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणी, आणि ती घोंगडी शेतकऱ्याच्या अंथरुणापासून वारकऱ्याच्या खांद्यापर्यंत आणि देवघरातील बैठकीपासून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत सर्वत्र पोचे. पावसात तिची खोळ करून मेंढपाळ दिवस दिवस उभा राहतो, कारण लोकर ओली झाली तरी ऊब सोडीत नाही. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर आणि खोबऱ्याबरोबर आजही लोकर उधळली जाते. ज्या समाजाने आपल्या दैवतावर उधळण्यासाठी सोन्यासारख्या भंडाऱ्याच्या बरोबरीने लोकर निवडली, त्याच्या दृष्टीने तिचे मोल काय होते हे निराळे सांगावयास नको.

या व्यवस्थेचा ऱ्हास कोणा एकाच्या दुष्टाव्याने झाला असे मी म्हणणार नाही. कृत्रिम धाग्याचे स्वस्त, हलके आणि रंगीत ब्लँकेट खेड्यापाड्यांच्या बाजारात आले. पानिपतच्या कारखान्यांतून जुन्या कापडाच्या पिंजणातून बनविलेल्या कांबळ्यांचे ढीग येऊ लागले. सरकारी वसतिगृहांसाठी आणि मदतछावण्यांसाठी होणारी खरेदीही किमतीच्या एकाच निकषावर होऊ लागली. आणि दुसरीकडे मटणाचा भाव सतत चढत राहिला. मेंढपाळाने या परिस्थितीतून जो अर्थ काढला तो त्याच्या जागी असणारा कोणताही शहाणा मनुष्य काढील. जत तालुक्यातील माडग्याळ जातीची उंच, अंगाने भरणारी आणि लोकरीपेक्षा केसच अधिक असणारी मेंढी त्याने कळपात आणली, आणि दख्खनीचा कस हळूहळू पातळ होऊ लागला. शासनानेही, विदेशी मेंढ्यांच्या संकरातून लोकर मऊ करण्याचे प्रयोग कोरड्या मुलखाला मानवत नाहीत असे दिसून आल्यावर, लोकरीकडे पाठ फिरवून सर्व लक्ष मांसाकडे वळविले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील जुळ्यांचा गुण दख्खनीत उतरवून 'नारी सुवर्णा' ही मेंढी सिद्ध केली, ते कार्य निःसंशय मोठ्या योग्यतेचे आहे. पण तेही मेंढपाळाचे उत्पन्न कोकरांच्या वाटेनेच वाढविते. मांसाची वाट चुकीची आहे असा माझा मुळीच दावा नाही. तेवढी एकच वाट उघडी ठेवल्याने दख्खनी मेंढीची जात, कातणाऱ्या स्त्रियांचे हात आणि सनगराचा माग ही तिन्ही एकदमच नाहीशी होण्याच्या बेतात आहेत, इतकेच मला सांगावयाचे आहे.

आपल्या खात्याने मेंढपाळासाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने चालणारे मेंढी व शेळी विकास महामंडळ रांजणी, दहिवडी, महूद अशा ठिकाणी प्रक्षेत्रे चालविते. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेखाली २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर दिला जातो. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी चराई अनुदानाची तरतूद आहे. परंतु या सर्व योजना मेंढपाळाला मेंढी मिळवून देतात किंवा मेंढी जगवावयास साहाय्य करतात. त्या मेंढीपासून जो माल निघतो त्याच्या किमतीची हमी त्यांपैकी एकही देत नाही. जोधपूरच्या केंद्रीय लोकर विकास मंडळामार्फत २०२१ ते २०२६ या मुदतीसाठी मंजूर झालेला १२६ कोटी रुपयांचा एकात्मिक लोकर विकास कार्यक्रम सबंध देशासाठी आहे. त्यातून दख्खनच्या राठ लोकरीच्या वाट्याला भरीव असे काही येईल, अशी अपेक्षा ठेवण्यास फारसा आधार दिसत नाही.

केंद्र शासन ज्या २२ पिकांना किमान आधारभूत किंमत जाहीर करते, त्यांत धागा देणारी पिके दोन आहेत, कापूस आणि ताग, लोकर नाही. लोकर हे पीक नव्हे, म्हणून ती या यादीत बसत नाही, असे उत्तर यावर देता येईल. परंतु लाख आणि मोहाची फुले हीही कोणाच्या शेतात पेरलेली पिके नव्हेत, आणि तरीही २०१३-१४ पासून गौण वनोपजांना आधारभूत किंमत देण्याची योजना केंद्राने सुरू केली, ती अशासाठी की ते गोळा करणारा आदिवासी भूमिहीन असून व्यापाऱ्यापुढे त्याची काही मात्रा चालत नाही. मेंढपाळाची स्थिती याहून निराळी कोठे आहे? त्याच्याजवळही बहुधा सातबारा नाही, मालाला थांबवून धरण्याची शक्ती नाही, आणि लोकर घेण्यास येणारा व्यापारी गावोगावी एखाददुसराच असल्यामुळे तो जो भाव बोलेल तोच भाव ठरतो. तत्त्वतः वनोपजाला जी हमी मान्य झाली ती लोकरीला नाकारण्याचे सयुक्तिक कारण मला दिसत नाही.

यावर आपल्या वित्त खात्यातील अधिकारी जी शंका घेतील ती मी जाणतो, आणि ती शंका पोकळ नाही. लोकरीला सरकारी भाव बांधून देण्याचा जगातील सर्वांत मोठा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला आणि तो सर्वांत मोठ्या अपयशानेच संपला. तेथील लोकर महामंडळाने १९७४ साली किलोमागे २५० सेंट ही किमान राखीव किंमत ठरविली. लिलावात बोली त्याखाली उतरली की महामंडळ स्वतः माल उचली, आणि भाव चढले की वखारीतून सोडी. पुष्कळ वर्षे हा कारभार सुरळीत चालला. मग १९८८ साली तेजीच्या भरात तीच किंमत ८७० सेंटांवर नेण्यात आली. त्या आश्वासनावर विसंबून मेंढ्यांची संख्या १७ कोटींच्या घरात गेली. आणि सोव्हिएत संघ व चीन या मोठ्या गिऱ्हाइकांनी हात आखडता घेताच सगळा डोलारा कोसळला. फेब्रुवारी १९९१ मध्ये योजना मोडीत निघाली तेव्हा वखारींत ४७ लाख गाठी पडून होत्या, कर्जाचा बोजा अब्जावधी डॉलरांचा होता, आणि लक्षावधी मेंढ्या गोळ्या घालून खड्ड्यांत पुराव्या लागल्या. साठ्यातील शेवटची गाठ विकली जाण्यास २००१ साल उजाडले. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच राज्याने १९७१ च्या कायद्यान्वये पुढल्या वर्षापासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. तिच्यामागचा हेतू शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या कचाट्यातून सोडविण्याचा होता, आणि आरंभीच्या काळात तिने पुष्कळ शेतकऱ्यांचे हित साधलेही. परंतु भाव ठरविताना बाजाराचा विचार मागे पडून राजकीय सोयीचा पुढे आला, आणि राज्याच्या तिजोरीला त्या तोट्याचा भार दीर्घकाळ वाहावा लागला.

या दोन्ही उदाहरणांतून लोकरीला आधार देऊच नये असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. ऑस्ट्रेलियात जे घडले ते घडण्यास एक अट आवश्यक होती, ती अशी की वाढीव भावाने मेंढपाळ अधिक मेंढ्या ठेवण्यास प्रवृत्त व्हावा. तेथील मेंढीच मुळी लोकरीसाठी पाळली जात होती, आणि वर्षाकाठी तिच्यापासून कित्येक किलो लोकर निघत होती. दख्खनी मेंढीच्या अर्ध्या किलोला आपण कितीही उदार भाव दिला तरी केवळ लोकरीच्या आशेने एकही मेंढपाळ कळपात एक मेंढी वाढविणार नाही. कळपाचा आकार कोकरांच्या किमतीवर, चराईवर आणि वाड्यावर राबणाऱ्या हातांवर ठरतो. तेव्हा ज्या अतिरिक्त उत्पादनाने तिकडची योजना बुडाली त्याची भीती इकडे बाळगण्याचे कारण नाही. दुसरी भीती मात्र खरी आहे, आणि ती म्हणजे सरकारने लोकर विकत घ्यावी आणि ती गुदामात कसर लागून पडावी. म्हणूनच माझी विनंती अशी आहे की शासनाने लोकर विकत घेऊ नये. लोकरीला किलोमागे अनुदान द्यावे.

अनुदान देण्याच्या रीतींतही भेद आहे, आणि येथे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. अमेरिकेने १९५४ च्या राष्ट्रीय लोकर कायद्यान्वये जी रीत अवलंबिली ती विचार करण्याजोगी होती: सरकार लोकरीला हात लावीत नसे, देशातील सरासरी बाजारभाव उद्दिष्ट भावापेक्षा शेकडा जितका कमी पडे, त्या हिशेबाने काढलेले प्रमाण प्रत्येक उत्पादकाच्या प्रत्यक्ष विक्रीच्या रकमेला लावून तितका पैसा त्याला दिला जाई, म्हणजे ज्याने माल स्वच्छ आणि उत्तम आणला त्याला अनुदानही अधिक मिळे, आणि हा सर्व खर्च आयात लोकरीवरील जकातीच्या उत्पन्नातून भागविला जाई. ती योजना सुमारे चार दशके चालली आणि १९९५ अखेर बंद झाली. परंतु तिचा पाया खुल्या आणि खऱ्या बाजारावर होता, आणि आपल्याकडे लोकरीचा तसा बाजार उरलेला नाही. मध्य प्रदेशात २०१७ साली भावांतर योजना आली तेव्हा, हमीभाव व बाजारभाव यांतील फरकाची रक्कम सरकार भरणारच आहे असे दिसताच व्यापाऱ्यांनी भाव पाडल्याच्या तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या. जेथे शेकडो व्यापारी होते तेथे हे घडले, तर जेथे एकच व्यापारी येतो तेथे काय होईल? तेव्हा विक्रीच्या रकमेशी निगडित अनुदान आपल्या उपयोगाचे नाही. वजन आणि प्रत यांवर ठरलेले, व्यापाऱ्याने काय भाव दिला याच्याशी संबंध नसलेले, किलोमागे निश्चित असे अनुदानच येथे हितकारक ठरेल. नॉर्वेमध्ये आजही अशाच प्रकारे प्रतवारीनुसार किलोमागे अनुदान दिले जाते.

असे अनुदान आपल्या खात्याला अपरिचितही नाही. २०२४ साली गायीच्या दुधाचे भाव कोसळले असता शासनाने लिटरमागे ५ रुपये अनुदान उत्पादकाच्या बँक खात्यात थेट जमा केले, आणि त्यासाठी जनावराच्या कानातील बिल्ल्याच्या नोंदीचा आधार घेतला. त्याच वर्षीच्या १ जूनपासून बिल्ल्यावाचून जनावरांची खरेदी-विक्री व वाहतूक करू नये असा आदेशही आपल्याच शासनाने काढला. तोच १२ आकडी बिल्ला मेंढीच्या कानात असेल तर मेंढपाळाजवळ सातबारा नसल्याची अडचण आपोआप दूर होते, कारण त्याची मालमत्ता जमिनीच्या तुकड्यात नसून कळपात आहे, आणि तिची नोंद सरकारी दप्तरी झालेली आहे. एकच लोकर दोनदा तोलून दोनदा अनुदान उचलले जाईल, ही शंका रास्त आहे. परंतु नोंदलेल्या मेंढीमागे वर्षाला ७०० ग्रॅमची कमाल मर्यादा घातली, म्हणजे कोणाला लबाडी करावयाची झाल्यास तिला फारसा वाव राहणार नाही.

खर्चाचा अदमास सांगतो. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. केंद्र शासनाच्या आकड्यांनुसार २०२२-२३ साली देशात ३ कोटी ३६ लाख किलो लोकर उत्पन्न झाली, आणि तीत राजस्थानचा वाटा निम्म्याच्या जवळ असून महाराष्ट्राचा शेकडा पाचाच्या किंचित आत, म्हणजे सुमारे १६ लाख किलो होता. सहा वर्षांपूर्वी, २०१६-१७ साली, देशाचे उत्पादन ४ कोटी ३५ लाख किलो होते. इतक्या थोड्या अवधीत इतकी घट व्हावी, ही बाब स्वतंत्रपणे चिंतेची आहे. राज्यातील सर्व १६ लाख किलो लोकर तोलासाठी आली, आणि सरासरी किलोमागे ५० रुपये अनुदान दिले, असे गृहीत धरले तरी वर्षाचा बोजा ८ कोटी रुपयांचा होतो. तोलाई, प्रतवारी आणि देखरेख यांचा खर्च यावर निराळा. पण तो धरूनही ही रक्कम या राज्याच्या अर्थसंकल्पात शोधून काढावी लागेल इतकी लहान आहे. शंभर मेंढ्यांच्या वाड्याला तिच्यातून वर्षाला ३,००० रुपयांच्या आसपास मिळतील. त्याने मेंढपाळ श्रीमंत होणार नाही, आणि चराईबंदीचा, लसीकरणाचा, वाटेतल्या चोरीचा किंवा मुलांच्या शाळेचा प्रश्नही सुटणार नाही. पण कातरणीची मजुरी निघेल. लोकर बांधावर न जाता पोत्यात जाईल. आणि तिची प्रत राखण्याचे, म्हणजे मेंढरे धुण्याचे, जावळ निराळे ठेवण्याचे, रंगांचे ढीग वेगळे लावण्याचे जे श्रम मेंढपाळाने सोडून दिले आहेत ते पुन्हा घेण्यास त्याला कारण मिळेल. त्यासाठी दर मात्र सरसकट नसावा: जावळाला सर्वांत वरचा, स्वच्छ काळ्या आणि पांढऱ्या लोकरीला त्याखालचा, आणि कुसळे-सराट्यांनी भरलेल्या मिश्र लोकरीला सर्वांत खालचा दर असावा.

ब्रिटनच्या अनुभवातून येथे एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तेथे १९५० साली लोकर विक्री मंडळ स्थापन झाले; सरकारची भावाची हमी १९९३ साली संपुष्टात आली; परंतु चार दशके चाललेली प्रतवारीची आणि लिलावाची व्यवस्था त्यानंतरही टिकून राहिली, आणि मेंढपाळांच्या मालकीचे ते मंडळ आजही चालते. अनुदान कोणत्याही सरकारला केव्हा तरी बंद करावेसे वाटेलच. ते चालू असेतोवर त्याच्या आधाराने प्रतवारी करणारे लोक, तोलाची ठिकाणे आणि मेंढपाळांचा हिशेब यांची घडी बसली, तर अनुदान गेल्यावरही त्या घडीचा उपयोग राहील. म्हणून तोलाचे काम एखाद्या कंत्राटदारावर न सोपविता पशुवैद्यकीय दवाखान्यांकडे आणि मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रांकडे द्यावे, आणि त्यावर देखरेख करणाऱ्या समितीत मेंढपाळांबरोबर कातणाऱ्या स्त्रिया आणि विणकर यांनाही जागा असावी. वाडे एका जागी नसतात, हे ध्यानात घेऊन दोन्ही कातरण्यांच्या हंगामात मुख्य वाटांवर फिरता काटा पाठवावा. दिवाळीनंतर कोकणात उतरलेल्या मेंढपाळाने अनुदानासाठी घाट चढून परत यावे अशी अपेक्षा कोणी करू नये.

तोल झाल्यावर लोकर मेंढपाळाचीच राहील. त्याने ती विणकराला विकावी, व्यापाऱ्याला विकावी, किंवा तोलाच्या केंद्रावर ठेवावी. केंद्रावर राहिलेल्या लोकरीचे काय करावयाचे, याची दोन उत्तरे माझ्यापाशी आहेत. पहिले असे की राज्याच्या आश्रमशाळा, समाजकल्याण वसतिगृहे, रुग्णालये आणि आपत्तिनिवारणाची कोठारे यांच्या कांबळ्यांच्या खरेदीत ठरावीक हिस्सा दख्खनी लोकरीच्या हातमागाच्या मालासाठी राखून ठेवावा, आणि निविदेत किमतीबरोबर टिकाऊपणाचाही निकष घालावा. उत्तम घोंगडी किती वर्षे वापरात राहते हे ज्याच्या घरी ती आहे त्याला विचारावे. दुसरे असे की जी लोकर मागालाही चालणार नाही ती आटपाडी-सांगोल्याच्या डाळिंबबागांत आणि तासगावच्या द्राक्षबागांत झाडांच्या बुंध्याशी अंथरण्यासाठी द्यावी. लोकरीत नत्राचा अंश पुष्कळ असतो, ती ओल धरून ठेवते आणि सावकाश कुजते. या दृष्टीने राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आपल्या कोरड्या जमिनींवर पद्धतशीर चाचण्या घेऊन शेतकऱ्याला किती लोकर, कोणत्या महिन्यात आणि किती थराने घालावी हे सांगावे. ज्या मालाला असे शेवटचे गिऱ्हाईक ठरलेले असते तो गुदामात कुजत नाही.

एक मुद्दा आपल्या अधिकाराच्या कक्षेबाहेरचा असूनही येथे नमूद करणे मला अवश्य वाटते. २९ डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार अंमलात आला आणि तिकडील कच्च्या लोकरीवरील आयात जकात उठली. ती लोकर तलम असते, दख्खनीशी तिची प्रत्यक्ष स्पर्धा नाही, आणि गिरण्यांना तिची गरज आहे, हे मी मान्य करतो. पण अमेरिकेने परदेशी लोकरीवरच्या जकातीतून आपल्या मेंढपाळाला पोसले, आणि आपण ती जकात सोडून देताना देशी मेंढपाळाचा विचारही केला नाही, ही विसंगती आपण दिल्लीत वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या नजरेस आणून द्यावी, आणि राज्याच्या या अनुदानात केंद्राने निम्मा वाटा उचलावा अशी रीतसर मागणी करावी. कर्नाटक आणि तेलंगण येथेही दख्खनी मेंढी आहे आणि तिच्या लोकरीची तीच अवस्था आहे. तीन राज्यांनी एकत्र शब्द टाकला तर त्याला निराळे वजन येईल.

अहिल्यादेवींच्या जन्माची त्रिशताब्दी २०२५ साली राज्याने मोठ्या इतमामाने साजरी केली. त्यांच्या जन्मगावी, चौंडीस, मंत्रिमंडळाची बैठकही झाली. त्यांच्या नावाच्या महामंडळाकडे हे काम सोपविणे सर्वथा उचित होईल, आणि त्यासाठी नवा कायदा करण्याची किंवा नवे खाते उघडण्याचीही आवश्यकता नाही. शासन निर्णय, अर्थसंकल्पातील एक लेखाशीर्ष आणि तोलकाटे इतक्यावर आरंभ होऊ शकतो. पहिल्या वर्षी सातारा, सांगली, सोलापूर आणि अहिल्यानगर हे चार जिल्हे घ्यावेत; दोन कातरण्या झाल्यावर हिशेब जाहीर करावा; आणि त्यात जे दोष दिसतील ते दुरुस्त करून मगच व्याप्ती वाढवावी.

या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः मिळावे अशी अपेक्षा नाही. आपला निर्णय अनुकूल झाल्यास लोणंद, आटपाडी आणि सांगोले येथील मेंढरांच्या बाजारांत, कातरणीच्या निदान महिनाभर आधी, प्रतवारीनिहाय दरांचा फलक ठळक अक्षरांत लावण्याचा हुकूम व्हावा, आणि कोणत्या गावच्या दवाखान्यात कोणत्या वारी काटा लागेल हेही त्यावर लिहिलेले असावे. निर्णय प्रतिकूल झाल्यास त्याची कारणे त्याच ठिकाणी, तशाच अक्षरांत लावावीत.



आपला नम्र,
माणदेशातील एक नागरिक